हातातला टोन, फोटोतला धूर

प्रिय मुक्ता,

मेटल गिटार मनापासून शिकायचं ठरवलंस, याचा मला फार आनंद झाला. टोनचा ध्यास घेतलास हे त्याहून चांगलं, कारण टोनच्या मागे लागलेला माणूस आपोआप नीट ऐकायला लागतो. पण परवा तू पाठवलेल्या यादीत डिस्टॉर्शनचीच चार पेडल होती. खाली लिहिलं होतंस की बँडच्या पोस्टरसाठी हेडस्टॉकमध्ये पेटती सिगरेट खोचून फोटो काढायचा बेत आहे. या दोन्ही गोष्टींबद्दल मला तुझ्याशी बोलायचंय, आणि फोनवर ते धड होणार नाही.

मी ज्यांच्याकडे शिकलो ते आमचे सर मूळचे गोव्याचे. धोबी तलावला राहायचे. हॉटेलांतल्या बँडमध्ये आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवून त्यांनी संसार केला. रॉक हे काही त्यांचं संगीत नव्हतं. पण कान असे तयार, की रेकॉर्डवरची गिटार ऐकून पिक ब्रिजजवळ पडलाय की मानेजवळ, ते न बघता सांगायचे. त्यांनी पहिल्याच महिन्यात मला सांगितलं होतं, 'कानाला जे पटतं ते उचल, डोळ्याला जे भुलवतं ते सोड.' मी आज तुला जे सांगतोय, ते सगळं या एका वाक्यातून निघालंय.

आधी मूळ ऐक

मेटलचा टोन कुठून आला हे कळलं, की काय उचलायचं तेही कळतं. टोनी आयोमी, जन्म 1948, गाव इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम. कारखान्यांचं शहर. सतरा वर्षांचा असताना तो पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. बँडबरोबर जर्मनीच्या दौऱ्यावर जायचं ठरलं होतं, त्यामुळे नोकरीचा शेवटचा दिवस. त्या दिवशी तो न आलेल्या एका कामगाराच्या जागी यंत्रावर उभा राहिला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. आयोमी डावखुरा आहे. म्हणजे गेली ती फ्रेट दाबणारी बोटं.

कारखान्याच्या फोरमनने त्याला एक रेकॉर्ड ऐकवली. वाजवणारा होता जँगो राइनहार्ट, ज्याच्या डाव्या हाताची दोन बोटं 1928 मध्ये गाडीला लागलेल्या आगीत कायमची निकामी झाली होती आणि तरीही ज्याने युरोपभर नाव कमावलं. ते ऐकून आयोमी उठला. भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने गोळा केला, तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने त्यात बोट जाईल असं भोक पाडलं, घासून आकार दिला आणि तारेवर पकड यावी म्हणून वरून जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. ती टोपणं घालून तो वाजवायला लागला.

आता यातून टोन कसा निघाला ते बघ. टोपणाला तारेचा स्पर्श कळत नाही, म्हणून जाड तारा दाबणं अवघड. बारीक तारांचे संच तेव्हा इंग्लंडमध्ये सहजी मिळत नव्हते, म्हणून त्याने बँजोच्या तारा गिटारला लावल्या. मोठ्या कॉर्ड धरता येईनात, म्हणून दोन-तीन तारांवरच्या आटोपशीर कॉर्ड त्याने आपल्याशा केल्या. 1971 च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' या अल्बमपर्यंत तो काही गाण्यांत सगळी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवायला लागला होता. तीच तार तीन अर्धस्वर उतरवली की तिच्यावरचा ताण साधारण 30 टक्क्यांनी कमी होतो. बोटांना आराम मिळाला आणि ऐकणाऱ्याला तो जड, गडद आवाज मिळाला. आज जगभरचे मेटल बँड खाली ट्यून करतात. त्या सवयीची एक मोठी मुळी या दुखऱ्या बोटांत आहे.

तेव्हा पहिला कानमंत्र हा: तुझ्या हाताची जी अडचण आहे, तिच्यापासून सुरुवात कर. तुझा पंजा लहान आहे. करंगळी चौथ्या फ्रेटपर्यंत ताणून बोट दुखवून घेऊ नकोस. त्या रिफची दुसरी जागा शोध, तार उतरव, कॉर्ड अर्धी कर. तिथेच तुझा आवाज सापडेल.

आणि उतरवलीस तर तारा त्याप्रमाणे बदल. 9 चा संच सी-शार्पला उतरवलास तर तार लोंबेल, फ्रेटवर खडखडेल आणि जोरात मारलीस की स्वर वर उडेल. तिथे 11 चा संच लाव. नुसता ड्रॉप डी हवा असेल तर 10 चा पुरतो. तारांची जाडी बदललीस की इंटोनेशन नव्याने बघायचं, हे विसरू नकोस. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर एकच आले पाहिजेत.

सा आणि प यांची गाठ

तू विचारलं होतंस, की मेटलमध्ये सगळे पॉवर कॉर्डच का वाजवतात, पूर्ण मेजर कॉर्ड डिस्टॉर्शनवर घाण का ऐकू येते. तुझ्या आईने तुला लहानपणी गाण्याच्या क्लासला घातलं होतं, त्याचा इथे उपयोग होणार आहे.

पॉवर कॉर्ड म्हणजे षड्ज आणि पंचम. गंधार त्यात नाहीच. डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वर एकत्र शिरले, की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वर बाहेर पडतात. गिटारची जाड तार मोकळी वाजते ती सुमारे 82 हर्ट्झवर. तिचा पंचम सुमारे 123 वर. वजाबाकी केलीस तर 41. हा बेस गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा स्वर, म्हणजे तुझ्या षड्जाचाच खालच्या सप्तकातला षड्ज. तू दोन तारा वाजवतेस आणि अ‍ॅम्प तिसरी, खालची तार आपणहून पुरवतो. पॉवर कॉर्डला जो दमदारपणा असतो तो हा.

गंधाराचं मात्र बिनसतं. फ्रेटवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्यात पंचम शुद्ध नात्यापेक्षा 2 सेंटच उतरा असतो, पण गंधार जवळजवळ 14 सेंट चढा. एक अर्धस्वर म्हणजे 100 सेंट, यावरून अंदाज घे. स्वच्छ आवाजात हा फरक खपून जातो. डिस्टॉर्शन तो फरक उघडा करून दाखवतं आणि कॉर्ड गढूळ होते. म्हणून गेन वाढव तसे कॉर्डमधले स्वर कमी कर. हा हिशोब पाठ असू दे.

तानपुऱ्याची जवारी लागते तेव्हा एका तारेतून किती स्वर उमलतात, ते तुला माहीत आहे. मिरजेचे कारागीर घोडीचा पृष्ठभाग जरा जरा घासत बसतात ते त्यासाठीच. डिस्टॉर्शनचं कामही त्याच जातीचं आहे. तारेच्या पोटात दडलेले वरचे स्वर ते बाहेर आणतं. जवारी जास्त झाली की तानपुरा नुसता झणझणतो आणि षड्ज हरवतो. गेनचं तसंच आहे.

याच ओघात आयोमीच्या बँडचं, ब्लॅक सॅबथचं, पहिल्या अल्बममधलं त्यांच्याच नावाचं पहिलं गाणं पुन्हा ऐक. अल्बम आला 13 फेब्रुवारी 1970 ला आणि वाजवण्याचं जवळजवळ सगळं काम एका दिवसात झालं होतं. त्या रिफमध्ये तीनच जागा आहेत: खालचा षड्ज, वरचा षड्ज आणि दोघांच्या बरोबर मध्यावरचा तीव्र मध्यम. पंचमाचा आधार काढून घेतला आणि आपल्याला त्याच्या दारात आणून उभं केलं, म्हणून पोटात खड्डा पडतो. वेग नाही, गुंतागुंत नाही. हेडफोन लावून ऐक आणि प्रत्येक स्वर तो किती वेळ धरतो ते मोज.

गेन कमी कर

त्या अल्बमची आणखी एक गोष्ट. आयोमी स्ट्रॅटोकास्टर घेऊन स्टुडिओत गेला होता. रेकॉर्डिंग चालू असताना तिचा पिकअप बंद पडला. त्याने जोडीला आणलेली गिब्सन एसजी उचलली आणि पुढे तीच त्याची ओळख झाली. अ‍ॅम्प लेनीचा, तोही बर्मिंगहॅमचाच. मध्ये एक छोटी डबी होती, रेंजमास्टर नावाचा ट्रेबल बूस्टर. ती वरचे स्वर फुगवून अ‍ॅम्पला ढकलायची. जाड तारा त्यामुळे फुसफुशीत न होता घट्ट राहायच्या. आजच्या मेटल पेडलच्या मानाने त्या रेकॉर्डवर गेन कितीतरी कमी आहे. तरी ती जड वाटते, कारण तार वाजलेली कळते.

मूळ अजून मागे जातं. 1958 मध्ये अमेरिकेत लिंक रे याने 'रंबल' वाजवताना हवा तसा फाटका आवाज येईना, म्हणून स्पीकरच्या कागदाला पेन्सिलने भोकं पाडली. गाण्यात एक शब्द नाही, तरी काही रेडिओ केंद्रांनी ते वाजवायचं बंद केलं. 1961 मध्ये नॅशव्हिलला ग्रेडी मार्टिनचा बेस रेकॉर्ड होताना मिक्सरचा एक चॅनेल बिघडला आणि जो घोगरा आवाज आला तो तसाच ठेवला गेला. पुढच्याच वर्षी तसा आवाज देणारं माएस्ट्रो कंपनीचं फझ पेडल बाजारात आलं. 1964 मध्ये सतरा वर्षांच्या डेव्ह डेव्हिसने लहानशा अ‍ॅम्पच्या स्पीकरवर ब्लेड चालवलं आणि त्याच्या 'द किंक्स' या बँडची ती दोन स्वरांची रिफ जन्माला आली. लंडनजवळ हॅनवेलला ड्रमचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शलने गिटारवाल्यांच्या आग्रहावरून फेंडरच्या बेसमन अ‍ॅम्पवर बेतून आपला अ‍ॅम्प 1962 मध्ये काढला आणि पुढच्या काही वर्षांत रॉकचा आवाजच बदलून गेला.

या सगळ्यांच्या हाती वस्तू थोड्या होत्या आणि कान पक्के होते. काय हवंय ते त्यांना आधी ऐकू येत होतं. तू तुझ्या स्पीकरला ब्लेड लावू नकोस, तो नाद मात्र त्यांच्याकडून घे.

प्रत्यक्षात करायचं ते असं. गेन तुला आवडेल तिथपर्यंत वाढव, मग त्यातला तिसरा हिस्सा काढून टाक. गिटारचा व्हॉल्यूम दहावरून पाचवर आण. आवाज स्वच्छ होत गेला पाहिजे. नाही झाला, तर अजून गेन काढ. घरी एकटी वाजवताना मिडल शून्यावर नेऊन बास आणि ट्रेबल वर चढवायचा मोह होतो, आवाज भव्य वाटतो. बँडमध्ये हाच आवाज गडप होतो, कारण खाली बेस आणि किक ड्रम बसलेले असतात आणि वर झांजा. गिटारची जागा मध्ये आहे, तिथून तिला उठवू नकोस. आणि चारांऐवजी एकच ओव्हरड्राइव्ह पेडल घे. त्याचा ड्राइव्ह जवळजवळ बंद ठेव, लेव्हल वर ने, आणि अ‍ॅम्पच्या गेनला पुढून धक्का दे. रेंजमास्टरने जे केलं तेच थोड्या वेगळ्या वाटेने होईल. चार पेडल म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

उजव्या हातावर मेहनत घे

लोक डाव्या हाताची बोटं बघत बसतात. मेटलचा टोन निम्म्याहून जास्त उजव्या हातात आहे.

पाम म्यूट घे. तळव्याची करंगळीकडची कड ब्रिजवर ठेव. आता तळवा मानेच्या दिशेने एक-एक मिलिमीटर सरकव आणि जाड तार मारत राहा. सुरुवातीला तार मोकळी वाजेल, मग 'धग्' असा घट्ट आवाज येईल, आणखी पुढे गेलीस की स्वरच मरेल. तो मधला 'धग्' जिथे आहे ती जागा दोन-तीन मिलिमीटरचीच आहे. डोळे मिटून ती सापडली पाहिजे. पिक जाड घे, दीड मिलिमीटरच्या आसपास, आणि टोक तारेपलीकडे थोडंच जाऊ दे. पिक तारेला समांतर ठेवलास तर आवाज ठोस येतो, जरा तिरका केलास तर घासल्यासारखा. दोन्ही हवेत, कधी कुठला ते आपल्याला ठाऊक हवं.

जेम्स हेटफिल्डच्या रिफमध्ये जो करकरीतपणा आहे तो सगळे स्ट्रोक वरून खाली मारल्यामुळे आहे. 'मास्टर ऑफ पपेट्स' ऐक, 1986 ची. त्या वेगात डाउनस्ट्रोक मारणं म्हणजे मनगटाची परीक्षा. तू मेट्रोनोम 100 वर लाव, आठ-आठ स्ट्रोक, खांदा सैल. हाताला कळ आली की थांबायचं. आठवड्याला चार-पाच ठोके वाढव, त्याहून जास्त नको.

दुसरं टोक बघायचं असेल तर रिची ब्लॅकमोर. 'स्मोक ऑन द वॉटर'ची रिफ नवशिक्यांपासून सगळे पॉवर कॉर्ड धरून पिकने झोडतात. ब्लॅकमोर ती दोन तारांवर, चतुर्थाच्या अंतराने, म्हणजे सा-म धरून वाजवतो, आणि पिक न वापरता दोन बोटांनी दोन्ही तारा एकदम उचलतो. दोन्ही स्वर एकाच क्षणी सुटतात. पिकने ते मागेपुढे होतात, कणभर का होईना. एकदा तसं वाजवून बघ, रिफ एकदम रुंद होते. डीप पर्पल 1995 मध्ये मुंबईत आलं तोवर ब्लॅकमोर बँड सोडून गेला होता, गिटार स्टीव्ह मोर्सची होती. रिफ तीच, पण हात बदलला की आवाज बदलतो, हे दोन्ही रेकॉर्डिंग शेजारी-शेजारी ठेवून ऐकलंस तर तुला पटेल.

आता धुराबद्दल

त्या गाण्यातला धूर सिगरेटचा नाही, हे तुला माहीत असेल. 4 डिसेंबर 1971 ला स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोचा कॅसिनो एका कार्यक्रमात जळाला आणि जिनिव्हा सरोवरावर पसरलेला धूर बँडने हॉटेलातून पाहिला. पण गिटारवाल्यांच्या फोटोंतला धूर सिगरेटचाच, आणि तोच तुमच्या पोस्टरमध्ये यायचा आहे.

ही पद्धत आली कशी? दोन्ही हात वाद्यावर, सिगरेट ठेवायला जागा नाही, म्हणून खुंटीच्या पुढे उरलेल्या तारेच्या टोकात ती अडकवायची. एरिक क्लॅप्टन, एडी व्हॅन हेलन, स्लॅश, सगळ्यांचे असे फोटो आहेत. त्या काळी स्टुडिओत, विमानात, हॉस्पिटलातसुद्धा लोक ओढायचे. ती त्या काळाची हवा होती, आवाजाशी तिचा संबंध नव्हता.

तू म्हणशील, 'मामा, सॅबथच्या गाण्याची सुरुवातच खोकल्याने होते.' खरं आहे. 'स्वीट लीफ' हे गाणं गांजावरचं, आणि सुरुवातीचा खोकला आयोमीचा. पण खोकल्यानंतर काय येतं ते ऐक. उतरवलेल्या तारा, दोन तारांवरच्या कॉर्ड, स्वरांमधली मोकळी जागा. गाणं उभं आहे ते त्यावर. खोकला काढून टाकलास तरी गाणं राहतं, रिफ काढलीस तर काय उरेल?

एडी व्हॅन हेलनचंच घे. त्याच्या टोनसाठी लोक आजही वेडे होतात. तो कशाचा होता? सुट्या भागांतून स्वतः जोडलेली गिटार, शिट्टी मारू नये म्हणून पॅराफिनच्या मेणात बुडवलेला पिकअप, अ‍ॅम्पचा व्होल्टेज कमी करून आणलेला तो उबदार आवाज, आणि सगळ्यांत जास्त त्याचे हात. व्होल्टेजचा तो प्रयोग घरी करायचा नाही, तेवढं मात्र बजावतो. आणि धुराने त्याला काय दिलं? 2000 साली जिभेचा कॅन्सर निघाला, जिभेचा सुमारे तिसरा हिस्सा काढावा लागला. तोंडात धरायच्या धातूच्या पिकवर त्याचा स्वतःचा संशय होता. पण तो वर्षानुवर्षं भरपूर सिगरेट ओढायचा, आणि तंबाखू तोंडाचं काय करते ते परळच्या टाटा हॉस्पिटलात रोज दिसतं. पुढे घशाचा कॅन्सर झाला. 6 ऑक्टोबर 2020 ला तो गेला, वय 65. अजून दहा-पंधरा वर्षांचं वाजवणं त्याच्याबरोबर गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं. स्लॅशची आई 2009 मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने गेली आणि त्याच वर्षी त्याने सिगरेट सोडली. त्यानंतरचे त्याचे अल्बम ऐक. टोन कुठे गेला? तिथेच आहे, कारण तो सिगरेटमध्ये नव्हताच.

आता वादक म्हणून ऐक. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, बोटांकडे रक्त कमी जातं. थंड बोटांनी वेगवान पीस वाजवून बघ, म्हणजे कळेल. ओढणाऱ्याच्या जखमा, दुखावलेले स्नायुबंध सावकाश भरतात, आणि मेटलवाल्याच्या मनगटाला दुखापत कधीतरी होतेच. वाद्याचंही नुकसान. धुरातला चिकट थर तारांवर, स्विचवर, व्हॉल्यूमच्या नॉबखाली बसतो. मग नॉब फिरवला की खरखर येते. हेडस्टॉकवर पडलेला चटका कायमचा. गायकाला तुमच्या धुरात श्वास घ्यावा लागतो तो वेगळाच.

तुझ्या बँडमधली दोघं ओढतात, हे मला माहीत आहे. त्यांच्याशी भांडू नकोस, उपदेशही करू नकोस. रिहर्सलच्या एसी खोलीत ओढायचं नाही, एवढा एक नियम कर आणि तो पाळायला लाव. सार्वजनिक जागेत धूम्रपानाला 2008 पासून देशभर बंदी आहेच. दोन गाण्यांच्या मध्ये हाताला चाळा हवा असतो, म्हणून पुष्कळांना ती सवय लागते. त्या वेळात ट्यूनिंग तपास, तारा पुस, पाणी पी. आणि पोस्टरसाठी तुमचे हात जवळून टिपा. चामट झालेली बोटं, पिकची झिजलेली कड, यात मेटल जास्त आहे.

आपल्या हवेत वाद्य सांभाळ

हे पुस्तकांत सापडत नाही, कारण ती थंड देशांत लिहिलेली असतात. मुंबईच्या दमट हवेत आणि हाताच्या घामाने तारा पंधरवड्यात गंजतात. वाजवून झालं की सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालूनही पुसायची. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाक आणि पावसाळ्यात त्या महिन्या-दीड महिन्याने बदल. जूनमध्ये आणि पुन्हा डिसेंबरात मान थोडी हलते, तेव्हा जाणकाराकडून ट्रस रॉड तपासून घे.

जुन्या इमारतीत अर्थिंग नसतं. गिटार घुमायला लागली, तार धरली की घुमणं थांबलं, तर आधी अर्थिंग बघ. प्लगची तिसरी पिन कधीही काढायची नाही. एका हाताला तार आणि ओठाला माइक लागला की शॉक बसू शकतो. अमेरिकेहून कोणी 110 व्होल्टचा अ‍ॅम्प आणून दिला तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावू नकोस. आणि ट्यूब अ‍ॅम्प बंद असला तरी उघडायचा नाही, आत जीवघेणा व्होल्टेज साठून राहतो.

कान हे तुझं पहिलं वाद्य. 85 डेसिबलचा आवाज आठ तास सोसतो, पण 100 डेसिबलला सुरक्षित वेळ पंधरा मिनिटांवर येते. रिहर्सलचा ड्रम सहज तेवढा असतो. वादकांसाठीचे इअरप्लग मिळतात, ते घाल. आम्ही रंगभवनात आय-रॉक या रॉक महोत्सवात स्पीकरला खेटून उभे राहायचो. त्या पिढीतल्या कित्येकांच्या कानात आज रात्री शिट्टी वाजते.

महिनाभराचं काम

रोज पहिली दहा मिनिटं अ‍ॅम्प न लावता वाजव. लाकडावर जो आवाज येतो तो तुझा, पुढे अ‍ॅम्प त्यालाच मोठा करणार आहे. मग पंधरा मिनिटं पाम म्यूट, मेट्रोनोमवर. मग एक रिफ कानाने उतरवायची, टॅब न बघता. आठवड्याला एकच चालेल, पण मूळ वादकाने ती कुठल्या तारेवर, कुठल्या फ्रेटवर वाजवली असेल, ते तुझं तू ठरवायचं. शेवटी फोनवर ती रेकॉर्ड करायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकायची. रात्री सगळंच छान वाटतं, सकाळी कान खरं सांगतात.

क्रमही सांगून ठेवतो. पहिला आठवडा सॅबथचा, दुसरा ब्लॅकमोरचा, तिसरा हेटफिल्डचा. चौथ्या आठवड्यात कोणाचंच नाही, स्वतःची एक रिफ बांधायची. तीन किंवा चार स्वर, जास्त नकोत, आणि खाली ट्यून केलेली चालेल.

पेडलचे पैसे तूर्त बँकेत राहू देत. महिन्याने रविवारी सकाळी घरी ये, गिटार आणि ट्यूनर तेवढे आण. तुझी रिफ आधी कोरडी ऐकू, मग माझ्या अ‍ॅम्पवर. तिला खरंच कशाची गरज आहे ते तीच सांगेल, आणि मग आपण दोघं जाऊन तेवढंच घेऊन येऊ.

तुझा,
मामा